अजिंठ्याची रेषा आणि जळालेल्या प्रती

१/
अजिंठ्याची चित्रे तीन वेळा जळाली : १८६६ मध्ये लंडनजवळ, १८८५ मध्ये लंडन शहरात आणि १९२३ मध्ये टोकियोत. जळाल्या त्या अर्थातच प्रती. मूळ चित्रे वाघोरा नदीच्या नालाकृती कड्यात होती तेथेच राहिली. तरीही या प्रतींचा इतिहास मूळ चित्रांपासून वेगळा काढता येत नाही. प्रत्येक प्रतकाराने आपापले साहित्य सोबत आणले, त्या साहित्यातून त्याला एक वेगळे अजिंठा दिसले आणि काहींच्या साहित्याचे डाग भिंतीवर कायमचे राहिले. आजचा हा दीर्घ धागा त्याच साहित्याविषयी आहे.

२/
प्रारंभ भिंतीपासून करू. अजिंठ्याचा खडक म्हणजे कठीण बेसाल्ट. छिन्नीचे घाव बसलेला त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि त्यावर थेट रंग टिकत नाही. म्हणून कारागिरांनी प्रथम मातीचा गिलावा चढवला. या लोहयुक्त मातीत वाळू व दगडाचा चुरा, भाताचे तूस, गवत आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. तंतूंमुळे गिलावा वाळताना फारसा तडकत नाही आणि खडकाच्या खाचांत घट्ट बसतो. त्यावर दुसरा, अधिक बारीक थर आणि शेवटी चुन्याचा पातळ पांढरा हात. चित्रकाराचा ‘कागद’ तो हा.

३/
या पांढऱ्या पृष्ठभागावर पहिली उतरत असे ती रेषा. गेरूच्या लाल रंगात कुंचल्याने संपूर्ण रचना आखली जाई : माणसे, हत्ती, खांब, झाडे, सारे काही. मग त्यावर पातळ हिरवट मातकट छटा, त्यानंतर प्रत्येक आकृतीचा स्वतःचा रंग आणि अखेरीस गडद तपकिरी वा काळ्या रेषेने सर्व आकृत्यांची पुन्हा आखणी. रंग भरताना हरवलेली कड या शेवटच्या रेषेने परत मिळे. म्हणजे चित्राचा आरंभ रेषेने होई आणि समाप्तीही रेषेनेच. आज जेथे वरचा रंग झडला आहे, तेथे खालचे पहिले रेखाटन उघडे पडलेले दिसते.

४/
रंगपेटी लहान होती. गेरू लाल रंगासाठी, पिवडी पिवळ्यासाठी, हिरवी माती हिरव्यासाठी, काजळी काळ्यासाठी. पांढऱ्यासाठी चुना आणि पांढरी माती. जवळजवळ सगळेच रंग खनिज, डोंगरदऱ्यांत सापडणारे. अपवाद एकच, निळा. तो लाजवर्दापासून केलेला असून हा दगड आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येत असे. नवव्या आणि दहाव्या लेण्यांतील सर्वांत जुन्या, सातवाहनकालीन चित्रांत हा निळा नाही. पाचव्या शतकातील वाकाटककालीन लेण्यांत तो आहे. रंगाच्या एका कणावरूनही व्यापाराच्या वाटा दिसतात, त्या अशा.

५/
आता एक तांत्रिक मुद्दा. पुढचे बरेच काही त्यावर अवलंबून आहे. इंग्रजी पुस्तकांत अजिंठ्याच्या चित्रांना सर्रास ‘फ्रेस्को’ म्हटले गेले. खऱ्या फ्रेस्कोत रंग ओल्या चुन्यावर लावतात. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कडक होतो आणि रंगाचे कण त्यात कायमचे अडकतात. अजिंठ्यात तसे घडलेले नाही. येथे रंग कोरड्या गिलाव्यावर, सरस किंवा डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवून लावला आहे. या पद्धतीला ‘टेंपेरा’ म्हणतात. रंगाला धरून ठेवणारी पकड नाजूक आहे. पाणी, घासणे आणि वरून चढवलेला कोणताही लेप, या साऱ्यांचे तिला भय.

६/
त्या काळाला रेषेचे महत्त्व किती होते? विष्णुधर्मोत्तर पुराणातील ‘चित्रसूत्र’ हा चित्रकलेवरील विस्तृत प्राचीन ग्रंथभाग याबाबत स्पष्ट आहे. सामान्य लोक रंगांच्या वैभवावर लुब्ध होतात, कोणी छटांवर, कोणी अलंकरणावर; जाणकार आचार्य मात्र रेषेची वाखाणणी करतात, असा त्याचा आशय. छटा देण्यालाही तेथे ‘वर्तना’ असे नाव असून तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी ‘पत्रजा’ पानाच्या शिरांसारख्या रेषांनी साधते आणि ‘बिंदुजा’ ठिपक्यांनी. गोलाई दाखवण्याचे कामही येथे कुंचल्याच्या टोकावर सोपवलेले आहे.

७/
हत्यारांची माहिती आपल्या दख्खनेतच लिहिलेल्या एका ग्रंथात मिळते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा तो ग्रंथ, काळ १२ व्या शतकाचा पूर्वार्ध. म्हशीचे कातडे उकळून ‘वज्रलेप’ हा सरस कसा करावा, काजळी भाताच्या लगद्यात मळून रेखाटनाची ‘वर्तिका’ कशी वळावी, वासराच्या कानाच्या केसांचा कुंचला कसा बांधावा, हे सारे त्यात आले आहे. अजिंठ्याच्या मुख्य चित्रांनंतर सुमारे ६०० वर्षांनी हे लिहिले गेले, म्हणून ते जसेच्या तसे मागे लावता येणार नाही. परंतु परंपरेची जात त्यावरून कळते.

८/
दोन गोष्टी ध्यानात ठेवून आपण १९ व्या शतकात येऊ. पहिली : अजिंठ्याच्या चित्राचा प्राण रेषेत आहे. दुसरी : त्याचा रंग कोरड्या भिंतीवर नाजूक बंधाने टेकलेला आहे. जे प्रत करायला आले, त्यांतील अनेकांना यातली एक वा दोन्ही गोष्टी ठाऊक नव्हत्या.

९/
२८ एप्रिल १८१९. मद्रास सैन्याच्या घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या दरीत आला आणि दहाव्या लेण्यात शिरला. तेथील एका रंगीत खांबावर, चित्रातील आकृतीवरच, त्याने स्वतःचे नाव आणि तारीख कोरली. आधुनिक काळातील पाहुण्याने अजिंठ्यात ओढलेली ही पहिली ज्ञात रेषा. पुढच्या काही दशकांत पाहुणे वाढले आणि काहींनी तर चित्रांचे तुकडे भिंतीवरून उचकटून नेले. हे चित्रवैभव फार काळ टिकणार नाही, ही भीती त्यातूनच निर्माण झाली.

१०/
वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी १८३९ मध्ये लेणी पाहिली आणि लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे त्यांवर निबंध वाचला. चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या प्रती कराव्यात, ही मागणी ईस्ट इंडिया कंपनीने मान्य केली. १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या चित्रकार-अधिकाऱ्याची नेमणूक झाली. निजामाच्या मुलखातील अजिंठा गावात त्यांनी बिऱ्हाड केले आणि पुढची सुमारे १९ वर्षे ते लेण्यांतील अंधाराशी झुंजत राहिले. साहित्य कोणते? कॅनव्हास आणि तैलरंग.

११/
ही निवड त्या काळी स्वाभाविक होती. युरोपात मोठ्या, टिकाऊ, प्रदर्शनीय चित्राचे माध्यम तैलरंग हेच. जवसाच्या तेलात कालवलेला रंग सावकाश वाळतो. त्यामुळे दोन रंग एकमेकांत मिसळून उजेडाकडून सावलीकडे हळूहळू जाता येते. त्या परंपरेत चेहऱ्याची गोलाई अशा छायाप्रकाशातून येते आणि कडेची रेषा जितकी विरघळेल तितके चित्र सरस ठरते. अजिंठ्यात याच्या नेमके उलट आहे. तेथे कडेची रेषाच खांद्याचा उतार, बोटांची मुडप आणि पापणीचा भार सांगते. गिल यांचे साहित्यच त्यांना या रेषेपासून दूर नेणारे होते.

१२/
गिल यांचे परिश्रम मात्र असामान्य होते. वटवाघळे, ताप, अपुरा उजेड आणि रंगसाहित्याची तुटपुंजी रसद, अशा स्थितीत त्यांनी भव्य कॅनव्हास पूर्ण केले. पुढे त्यांनी कॅमेराही हाती घेतला. १८६४ मध्ये त्यांची लेण्यांची छायाचित्रे फर्ग्युसन यांच्या मजकुरासह पुस्तकरूपाने आली. परंतु रंगीत भिंतीपुढे तत्कालीन कॅमेरा दुबळा होता. त्या काळच्या काचेवरील रसायनाला निळा प्रकाश चटकन कळे, लाल जवळजवळ कळतच नसे. परिणामी निळा फिकट उमटे आणि गेरू काळवंडे. गेरूवर उभ्या असलेल्या चित्रांसाठी हे माध्यम पुरेसे नव्हते.

१३/
गिल यांच्या प्रती लंडनच्या दक्षिणेकडील सिडनम येथे क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागली आणि मोजक्याच प्रती वाचल्या. येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. आगीच्या १० वर्षे आधी, १८५६ मध्ये, श्रीमती स्पीर यांच्या प्राचीन भारतावरील पुस्तकात गिल यांच्या काही कॅनव्हासांवरून केलेली लहान रेषाचित्रे छापली गेली होती. मोठी तैलचित्रे राख झाल्यावर त्यांची आठवण उरली ती मुख्यतः या तळहाताएवढ्या काळ्या रेषांत.

१४/
गिल इंग्लंडला कायमचे परतले नाहीत. १८७९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर भुसावळ येथे आहे. ना. धों. महानोर यांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यामुळे गिल आणि पारो ही नावे मराठी वाचकाला परिचित आहेत. पण त्या प्रेमकथेच्या आड आयुष्यातील कामाची आगीत झालेली राख विसरली जाते. ज्याने एवढी वर्षे त्या भिंतींपुढे घालवली, त्याच्या हाताने केलेले फारच थोडे आज आपल्यासमोर आहे.

१५/
दुसरा प्रयत्न मुंबईतून झाला. १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉन ग्रिफिथ्स १८६५ पासून शिकवत होते. १८७२ मध्ये मुंबई सरकारने त्यांच्याकडे अजिंठ्याच्या प्रतींचे काम सोपवले. ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी हंगामात लेण्यांत मुक्काम करून काम करीत. सुमारे १३ वर्षांत जवळपास ३०० चित्रे तयार झाली. त्यांतील सर्वांत मोठी साधारण ३ मीटर उंच आणि ६ मीटर रुंद आहेत. पेस्तनजी बोमनजी हे या विद्यार्थ्यांत अग्रणी होते. पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून त्यांनी नाव मिळवले.

१६/
माध्यम पुन्हा तैलरंगच. मात्र ग्रिफिथ्स यांची दृष्टी अधिक चिकित्सक होती. लाल रेषेपासून शेवटच्या गडद रेषेपर्यंतचा जो क्रम वर सांगितला, तो त्यांनी बारकाईने पाहून नोंदवला. सोळाव्या लेण्यातील ‘मरणासन्न राजकन्या’ या दृश्यातील भावदर्शनापुढे फ्लॉरेन्स आणि व्हेनिसचे चित्रकारही थिटे पडतील, अशा अर्थाची प्रशंसा त्यांनी केली. वसाहतवादाच्या भर काळात एका इंग्रज कलाशिक्षकाने हे लिहावे, ही लहान गोष्ट नव्हती.

१७/
या प्रतींचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. भिंतीवर जेथे गिलावा पडला होता, तेथे विद्यार्थ्यांनी पडलेला गिलावाच रंगवला. तडे, डाग, कोरी छिद्रे, सारे काही कॅनव्हासवर उतरवले. सौंदर्याच्या दृष्टीने हे खटकेल, परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते अमोल आहे. १८७० आणि १८८० च्या दशकांत भिंत नेमकी कोणत्या अवस्थेत होती, याचा तो रंगीत पंचनामा होय. नंतर भिंतीवरून जे नाहीसे झाले, त्याचा शोध घ्यायचा तर याच कॅनव्हासांकडे यावे लागते.

१८/
आणि येथेच या मोहिमेची दुसरी, खेदजनक बाजू येते. चित्रे धुळीने व धुराने मंद झाली होती. ती स्पष्ट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर अनेक ठिकाणी स्वस्त वार्निश फासले गेले. यामागचे भौतिकशास्त्र सोपे आहे. कोरड्या, खरखरीत पृष्ठभागावरून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि रंग फिका दिसतो. पातळ चकचकीत थर बसला की विखुरणे कमी होऊन रंग ओल्या दगडासारखा खुलतो. त्या दिवशी भिंत उजळली असेल. पण वार्निश कालांतराने पिवळे, मग तपकिरी होते आणि आकसताना खालचा नाजूक रंग ओढून धरते. प्रत नीट व्हावी म्हणून मूळ चित्राला इजा झाली.

१९/
ग्रिफिथ्स यांच्या प्रती लंडनला साउथ केन्सिंग्टन येथे पाठवल्या गेल्या. १८८५ मध्ये तेथील आगीत शंभराहून अधिक प्रती नष्ट झाल्या. उरलेल्यांच्या आणि छायाचित्रांच्या आधारे ग्रिफिथ्स यांनी १८९६–९७ मध्ये दोन खंडांचा भव्य ग्रंथ सिद्ध केला. गिल आणि ग्रिफिथ्स या दोघांच्या मिळून १६६ प्रती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. दीर्घकाळ त्या कोठारातच राहिल्या. २००६ मध्ये त्यांतील सुमारे निम्म्या प्रतींच्या जतनाचे काम हाती घेण्यात आले.

२०/
तिसऱ्या प्रयत्नात प्रथमच एक अशी व्यक्ती अजिंठ्यात आली, जिला भिंतीवरचे तंत्र स्वतःच्या हाताने ठाऊक होते. क्रिस्टियाना हेरिंगहॅम. चेन्नीनो चेन्नीनी या इटालियन चित्रकाराच्या जुन्या तंत्रग्रंथाचा त्यांनी १८९९ मध्ये इंग्रजी अनुवाद केला होता. त्यातील कृतींनुसार अंड्याच्या बलकात रंग कालवून टेंपेराचे प्रयोगही केले होते. १९०९ ते १९११ या काळातील दोन हिवाळ्यांत त्यांनी अजिंठ्यात काम केले. कोरड्या भिंतीवरील रंगाचा स्वभाव ओळखायला त्यांना पुस्तकाची गरज नव्हती.

२१/
त्यांच्या मदतीला कोलकात्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि के. वेंकटप्पा हे तरुण आले. हैदराबादहून सय्यद अहमद आणि मोहम्मद फझलुद्दीन. अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या तालमीत वाढलेल्या या मुलांचा हात जलरंगात आणि कुंचल्याच्या सलग रेषेत तयार झालेला होता. तैलरंगाचा दाट थर बाजूला सरला आणि भिंतीवरील रेषा प्रथमच प्रतीची नायिका झाली. नंदलालांच्या पुढच्या चित्रांतील रेषेचा आत्मविश्वास पाहिला की अजिंठ्यातले ते दिवस आठवल्यावाचून राहत नाहीत.

२२/
या प्रती १९१५ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने प्रसिद्ध केल्या. मात्र त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांनी छिद्रे होती तशी रंगवली. हेरिंगहॅम यांच्या गटाने अनेक ठिकाणी ती भरून काढली आणि चित्र मूळचे कसे असेल ते सुचवले. रेषा जिवंत झाली, पण पुरावा पुसट झाला. कोणती प्रत ‘खरी’, या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. हेरिंगहॅम यांना परतल्यावर मानसिक आजाराने ग्रासले. १९२९ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्या त्यातून बाहेर आल्या नाहीत.

२३/
चौथा प्रतकार जपानचा. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या निमंत्रणावरून आराई कांपो हे चित्रकार जपानी चित्रतंत्र शिकवण्यासाठी १९१६ मध्ये भारतात आले आणि १९१८ पर्यंत त्यांनी अजिंठ्याच्या प्रतींवर काम केले. त्यांचे साहित्य म्हणजे पातळ पण चिवट जपानी कागद आणि त्यावर उतरवलेला खाका. प्रत करण्याची एक जुनी जपानी रीत अशी : मूळ चित्रावर कागद अंथरायचा, एका हाताने तो वरखाली गुंडाळत राहायचे आणि डोळ्यांत क्षणभर राहिलेली प्रतिमा विरण्याआधी रेषा ओढायची. रेषेच्या परंपरेतला माणूस रेषेच्या परंपरेपाशी आला होता.

२४/
त्या खाक्यांचे पुढे काय झाले? ते टोकियोच्या शाही विद्यापीठात ठेवले गेले. १ सप्टेंबर १९२३ रोजी कांतो भूकंप झाला, शहरभर आगी पेटल्या आणि त्यात ते नष्ट झाले. तैलरंग, कॅनव्हास, कागद. माध्यमे बदलली, परिणाम तोच राहिला. सुरक्षिततेसाठी दूर नेलेली प्रत जळाली आणि ‘धोक्यात’ असलेली भिंत उभी राहिली.

२५/
भिंतही सुखरूप नव्हती. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली, १९२० ते १९२२ या काळात लोरेन्झो चेक्कोनी या इटालियन तज्ज्ञांना व त्यांच्या साहाय्यकाला पाचारण केले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा भिंतीला पुन्हा चिकटवला. ते काम झाले नसते, तर कित्येक चित्रे खाली आली असती. पण वरून संरक्षणासाठी लाखेचा लेपही दिला गेला. लाख काळवंडली, तिच्यात धूळ अडकली आणि काही भिंती पूर्वीहून अंधाऱ्या झाल्या. वाचवणारा हात आणि इजा करणारा हात एकच होता. त्याला दोष देण्याआधी त्या काळी उपलब्ध साधने कोणती होती, हे पाहणे न्याय्य ठरेल.

२६/
आता आराई कांपो यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध. १९४० मध्ये जपान सरकारने नाराजवळील होर्यूजी या प्राचीन मंदिराच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्याचे काम सुरू केले आणि प्रमुख चित्रकारांत कांपो होते. होर्यूजीच्या बोधिसत्त्वांची तुलना अजिंठ्याशी नेहमी केली जाते. १९४५ मध्ये कांपो वारले. काम सुरू राहिले. २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे त्या दालनाला आग लागली. थंडीत काम करणाऱ्या प्रतकारांच्या बैठकीची विजेवर तापणारी गादी, हे आगीचे एक संभाव्य कारण मानले जाते. या वेळी प्रत वाचली आणि मूळ चित्र जळाले.

२७/
होर्यूजीच्या त्या करपलेल्या भिंती आजही जपून ठेवल्या आहेत. रंग उडाले, आकृत्यांच्या रेषा मात्र अंधुकपणे राहिल्या. पुढे १९३५ मधील पूर्णाकृती छायाचित्रांच्या आणि त्या प्रतींच्या आधारे चित्रे नव्याने साकारण्यात आली. या आगीच्या धक्क्यातून १९५० मध्ये जपानने सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा कायदा केला; २६ जानेवारी हा दिवस तेथे वारशाच्या अग्निसुरक्षेसाठी पाळला जातो. प्रत करणे म्हणजे केवळ निरुपद्रवी नोंद ठेवणे असे नव्हे, याचा याहून ठळक पुरावा शोधावा लागणार नाही.

२८/
पुन्हा अजिंठ्याकडे वळू. १९५३ पासून लेण्यांची जबाबदारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. त्यांच्या रसायनतज्ज्ञांनी लाखेचे आणि वार्निशाचे थर हळूहळू उतरवण्याचे काम केले. १९९९ पासून नवव्या व दहाव्या लेण्यांत झालेल्या सफाईमुळे काजळी व लाखेखाली दडलेली, दोन हजार वर्षांपूर्वीची चित्रे पुन्हा दिसू लागली. अशा सफाईवरही अभ्यासकांत मतभेद आहेत, कारण उतरवलेला थर परत चढवता येत नाही. चढवताना घाई झाली होती. उतरवताना ती परवडणारी नाही.

२९/
म्हणून पुढच्या वेळी पुस्तकात, दिनदर्शिकेवर किंवा पडद्यावर पहिल्या लेण्यातील पद्मपाणी दिसला, तर तीन प्रश्न विचारून पाहा. हे भिंतीचे छायाचित्र आहे की कोणाची प्रत? प्रत असेल, तर ती तैलरंगात आहे, जलरंगात की नुसत्या रेषेत? आणि छिद्रे दाखवली आहेत की भरून टाकली आहेत? या तीन उत्तरांवरून आपण कोणाच्या डोळ्यांनी अजिंठा पाहत आहोत, हे बरेचसे उमगेल.

३०/
लेण्यात प्रत्यक्ष जाल, तेव्हा डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत थांबा; फ्लॅश बंद ठेवा, भिंतीला हात लावू नका. मग एखाद्या हाताची कड शोधा. दीड हजार वर्षांपूर्वी, अपुऱ्या उजेडात, वाळत आलेल्या गिलाव्यापुढे कोणीतरी श्वास रोखून कुंचला ओढला होता. ती रेषा शोधताना जो वेळ लागेल, तो गिल, पेस्तनजी, नंदलाल आणि कांपो या सर्वांनी त्याच ठिकाणी घालवलेला आहे.

धागा समाप्त. तुमच्या घरातील वा शाळेच्या पुस्तकातील अजिंठ्याचे चित्र कोणत्या प्रकारचे आहे, ते खाली अवश्य कळवा.